एका फेरीला एक चित्र

माझ्या ताईला शहरातून उचलून घरी आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या घरात भांडता येतं ते फक्त मला. दादा सगळ्यांत थोरला, पण भांडणाचा नुसता वास आला की तो चपला शोधायला लागतो. वहिनी गोड बोलते, आणि गोड बोलून ताई हलणारी असती तर कधीच हलली असती. "चिमे, तूच जा," दादा म्हणाला, "तुझ्यापुढे तिचं काही चालत नाही." हे साफ खोटं होतं. पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी शिवणाच्या दुकानाला कुलूप घातलं आणि गाडीत बसले.

तशी मागणी काही वावगी नव्हती. ताईने उभा जन्म त्या शहरातल्या एका हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करण्यात घालवला. लग्न केलं नाही. "राहून गेलं," म्हणते, जसं काही दूध आणायचं राहून गेलं. आता निवृत्त झाली, गुडघे कुरकुरतात, आणि बाईसाहेब राहतात कुठे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. जिना असा उभा की वर पोचेपर्यंत माणसाला पूर्वज आठवतात. इकडे दादाने घरामागे तिच्यासाठी खोली बांधून ठेवलेली. खालच्या खाली, उजेडाची, न्हाणीघर लागूनच. आणखी काय पाहिजे माणसाला?

आणि मनातलं सांगायचं तर ती मला हवी होती. दादाला मी हे बोलले नव्हते. माझे यजमान गेल्यापासून संध्याकाळी शिलाई मशीन थांबवलं की घर एकदम गप्प होतं. वाद घालायला कुणी नाही, मीठ जास्त पडलं म्हणून नाक मुरडायला कुणी नाही. मी एकटीच जेवते आणि एकटीच ताट धुते. ताई आली तर माझ्या घरापासून चार पावलांवर राहील, रोज भांडू, रोज सोबत चहा घेऊ, एवढंच माझं स्वप्न होतं. मी ते घेऊनच तिच्या खोलीचा जिना चढले.

खोलीत एक पलंग, एक शेगडी, दोन खुर्च्या, आणि सगळं असं घडी घातलेलं की उशीवर बसायला भीती वाटावी. खिडकी उघडली तर समोर विटांची भिंत.

"काय दिसतं गं इथून?" मी विचारलं.

"डावीकडे वाक. आणखी. आणखी वाक, पडत नाहीस."

मी कमरेतून वाकले तेव्हा दोन भिंतींच्या फटीतून लांबवर एका मनोऱ्याचं घड्याळ दिसलं. तेही अर्धंच.

"ह्याचं भाडं भरतेस तू?"

"भाडं खोलीचं. घड्याळ फुकट," ताई म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

मी तिथल्या तिथे तोंड सोडलं. गुडघ्यांवरून सुरुवात केली, जिन्यावर आले, मग पेन्शनवर. अर्धं पेन्शन खोलीत जातं, उरलेल्यात बटाटे आणि पाव. "हे शहर पैसेवाल्यांचं. इथली नाटकं, गाणी, दुकानं, बागा, तुला ह्यातलं काय परवडतं, सांग बरं?"

"सगळं," ताई म्हणाली.

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. ती शांतपणे कपात साखर ढवळत होती. "उद्या माझ्याबरोबर चल. मग भांड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला एका संगीतगृहात नेलं. बाहेरून राजवाडा. मी पायरीवरच अडून बसले, म्हटलं, आपल्याला हाकलून देतील. ताई मागच्या गल्लीतल्या लहानशा दाराने शिरली आणि दारावरच्या माणसाला मान हलवून वर चढायला लागली. तालमीच्या दिवशी सगळ्यात वरची गॅलरी उघडी असते. मुकाट बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत, एवढीच अट. खाली मंचावर वाजवणारे घरच्या स्वेटरांत बसले होते. एकीने व्हायोलिनखाली रुमाल दाबला होता, एकजण सफरचंद खात होता. मग समोरच्या माणसाने हातातली काडी उचलली आणि जे सुरू झालं त्याने माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. छातीत काहीतरी भरून येत गेलं, येत गेलं, आणि ऐन भरात काडीवाल्याने हात झटकून सगळं थांबवलं. काहीतरी पुटपुटला. परत पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी थांबवलं. पुन्हा.

"मेला पुढे जाऊच देत नाही," मी कुजबुजले.

ताई माझ्या कानाशी लागली. "तिकीटवाल्यांना हे एकदाच ऐकायला मिळतं. आपल्याला चारदा."

चौथ्या वेळेला मला कळलं की तो का थांबवत होता. पितळी तुताऱ्या जरा आधी उठत होत्या. ह्या खेपेला त्या थांबल्या, व्हायोलिनं आधी विझली, आणि मग त्या आल्या. मी टाळी वाजवणारच होते. ताईने माझे दोन्ही हात धरून ठेवले.

असे आमचे दिवस सुरू झाले. एका सकाळी नदीपलीकडच्या कारखान्यांत कामगार नेणाऱ्या बोटीने गेलो. जाताना खच्चून भरलेली, येताना सगळी रिकामी, आणि नावाडी ताईच्या ओळखीचा. सूर्य नुकता वर आला होता. सगळं शहर, पूल, घुमट, गच्च्या, नदीकाठच्या त्या ओळीने उभ्या इमारती, सगळं आमच्या दोघींच्याच समोर मांडून ठेवलेलं. पुढे त्याच काठावर सहलीच्या बोटी उभ्या होत्या, आणि लोक रांगेत पैसे मोजत होते. मी ताईकडे बघितलं तर तिने ओठ दाबून हसू आवरलेलं. दुपारी वाचनालयाच्या घुमटाखाली बसलो. मी वर्तमानपत्र हातात धरलं ते नुसतं दाखवायला, नजर वरच. एवढा मोठा घुमट कुणीतरी केवळ वाचणाऱ्यांच्या डोक्यावर बांधला, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं. रोज संध्याकाळी मी दमून खुर्चीत पडायची आणि म्हणायची, "पण गुडघ्यांचं काय?" ताई म्हणायची, "दुखतात ना. घरी बसले असते तरी दुखलेच असते."

मी हरत चालले होते, आणि मला ते कळत होतं.

मग ती संध्याकाळ आली. आठवड्यातून एकदा शेवटचा तासभर तिथलं चित्रसंग्रहालय सगळ्यांना फुकट असतं. आम्ही दाराशी आधीच उभ्या. दार उघडलं तशी माणसं आत धावली, आणि मीही पदर खोचून निघाले, कारण तासाभरात जास्तीत जास्त दालनं व्हायला पाहिजेत ना! ताईने मागून माझी पिशवी धरली.

"कुठे निघालीस? आपलं पाचव्या दालनात आहे."

"आपलं काय?"

"चित्र."

तेव्हा मला तिची पद्धत कळली. एका फेरीला एक चित्र. निवृत्तीच्याही कितीतरी आधीपासून ती दर आठवड्याला यायची, आदल्या खेपेच्या शेजारच्या चित्रासमोर उभी राहायची आणि घंटा होईपर्यंत तेवढंच बघायची. पुढच्या दालनात डोकावायचंसुद्धा नाही. जाता-येता नजर जमिनीवर. एवढ्या वर्षांत बाई पाचव्या दालनापर्यंत पोचली होती.

"एक चित्र तासभर? काय हलतंय का ते?" मी म्हटलं.

"उभी तर राहा."

चित्रात एक बाई मासे साफ करत होती. बस. मी बघितलं, झालं. दहा मोजायच्या आत झालं. मग मी जांभई दिली, भिंतीचा रंग बघितला, लोकांच्या चपला बघितल्या. ताई हलेना. नाइलाजाने मी परत चित्राकडे बघितलं आणि माझी नजर त्या बाईच्या बाहीवर गेली. मी जन्मभर बाह्याच लावत आलेय. तिने बाही दुमडून वर सारली होती, आणि बाहेरची घडी ओली होती, आतली कोरडी. नुसत्या रंगाने त्या चित्रकाराने ओलं कापड आणि कोरडं कापड वेगळं दाखवलं होतं! मी पुढे सरकले. मनगटाचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. म्हणजे तुटलं असणार, आणि घाईत हाताला लागला त्या दोऱ्याने तिने लावलं असणार. मग तिचा चेहरा बघितला. आधी मला ती रागावलेली वाटली होती. ती रागावलेली नव्हती. ती कुणाचं तरी बोलणं ऐकत होती, चित्राच्या बाहेर कुणीतरी बोलत होतं आणि तिला ते ऐकून हसायला येत होतं. इतकं छान मला किती दिवसांत वाटलं नव्हतं. घंटा झाली तेव्हा मीच म्हटलं, "थांब गं जरा."

बाहेर पडताना ताई खरंच जमिनीकडे बघत चालली. मी तिला विचारलं, "पुढच्या दालनांत काय आहे?"

"मला काय माहीत!" ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा एकदम उजळला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी माझा बांध फुटला. परतीची गाडी दोन दिवसांवर आली होती. मी भांडायचं ठरवून तोंड उघडलं आणि भलतंच बोलून बसले.

"ताई, दादाचं सोड. खोलीचं सोड. मला तू हवी आहेस. मला घरात करमत नाही. मी मशीन मुद्दाम उशिरापर्यंत चालवते, कारण थांबवलं की खायला उठतं घर." आणि मी रडायला लागले, नाक ओढत, लहान पोरीसारखी.

ताईने कप खाली ठेवला.  मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"एवढंच होतं, तर आधी बोलायचं नाही का? येते मी."

"खरंच?"

"खरंच. इथे माझं अडलंय काय? तेवढी पुढची दालनं राहिलीत."

माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही. मी डोळे पुसून म्हटलं, "हात्तिच्या! ती आजच बघून टाकू की. मी तिकीट काढते दोघींचं, दिवसभराचं. संध्याकाळपर्यंत सगळी उरकतात. म्हणजे तुला मागे वळून बघायला नको."

मला हे फार उदार वाटलं. मी कंत्राटावर शाळेचे गणवेश शिवणारी बाई. समोर ढीग आला की तो खाली कसा जाईल एवढंच मला कळतं. ताईने दोन्ही कप विसळले. मग म्हणाली, "बरं." आणि ठेवणीतला कोट घालून तयार झाली.

मी तिकिटाचे पैसे देत होते तेव्हा ताई दुसरीकडे बघत होती. आत गेल्यावर मी सूत्रं हातात घेतली. "डावी भिंत आधी, मग समोरची, मग उजवी. चल." पाचवं दालन मी संपवलं. सहावं संपवलं. घोडे, लढाया, गळ्याशी झालरी लावलेले सरदार, समुद्रात कलंडलेली जहाजं. मी प्रत्येकापाशी थांबत होते, तोंड भरून कौतुक करत होते. "अगं बाई, केवढं मोठं! बघितलंस? पुढे." आणि ताई बघत होती. मी बोट दाखवीन तिथे बघत होती. एकदाही 'थांब' म्हणाली नाही.

सातव्या दालनाच्या दाराशी पहारेकरी उभा होता, पांढऱ्या मिशांचा, चांगला भारदस्त. ताईला बघून त्याच्या भुवया कपाळात गेल्या.

"तुम्ही? दिवसा? आणि इतक्या पुढे?" तो म्हणाला. "अहो, तुम्ही तर अजून पाचव्यात होता ना?"

"आज सगळं उरकायचंय," ताई म्हणाली.

तो शब्द माझा होता. माझ्या तोंडात तो दिवसातून शंभर वेळा असतो आणि मला त्यात कधी काही खुपलं नाही. तिच्या तोंडून ऐकला आणि मी तिच्याकडे नीट बघितलं. कामाची पाळी संपताना हॉटेलच्या मागच्या दाराने बाहेर पडणारी ताई मला आठवली. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे आले की तिला घ्यायला जायची, तेव्हा ती अशीच दिसायची. पाय चालतात, डोळे उघडे, आणि माणूस कुठेच नाही. काल "मला काय माहीत!" म्हणताना उजळलेली बाई मी एका सकाळीत विझवली होती. मी तिला चित्रं दाखवत नव्हते. मी तिची पुढची वर्षं एकेक करून संपवत होते, आणि वर 'केवढं मोठं' म्हणत होते.

 समोर सातव्या दालनाचा दरवाजा, आत काहीतरी सोनेरी चमकत होतं, आणि ताईने पाऊल उचललं.

"ताई, डोळे मिट!"

"काय?"

"मिट म्हणते ना! एकदम!"

मी इतक्या मोठ्याने ओरडले की सगळं दालन वळून बघायला लागलं. ताईने घाबरून डोळे घट्ट मिटले. मी तिचा दंड धरला, तिला जागच्या जागी फिरवलं आणि परत निघाले. लोकांना वाटलं, तिला दिसत नाही. एका गृहस्थाने अदबीने बाजूला होऊन वाट दिली. एका आईने पोरांना जवळ ओढून घेतलं. मिशीवाला पहारेकरी काय समजला कोण जाणे, पण तो आमच्या पुढे चालायला लागला आणि म्हणत राहिला, "जपून. इथे उंबरा आहे. आता सरळ."

"चिमे, हे काय चाललंय?" ताई डोळे मिटूनच म्हणाली.

"गप्प चाल. तू येणार नाहीस माझ्याबरोबर."

तिची पावलं थांबली. "पण तू एकटी..."

"एकटी तर एकटी! मला ताई हवी होती. ही उरकलेली बाई घेऊन मी काय करू? डोळे उघडलेस तर बघ!"

मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम.  मग तिचा दंड माझ्या हातात हलायला लागला, आणि मला वाटलं तीही रडते आहे. बघते तर बाई हसत होती. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि हसते आहे.

पाचव्या दालनात मी तिला मासे साफ करणारीच्या शेजारच्या चित्रासमोर उभं केलं. "उघड."

तिने डोळे उघडले. साधं चित्र होतं, मोकळा माळ आणि वर ढग. सकाळी मी त्याला चार पावलांत मागे टाकलं होतं.

"पण तू मधली चित्रं बघितलीस ना," मी म्हटलं. "माझ्यामुळे वाया गेली गं ती."

"एकही आठवत नाही मला त्यातलं," ताई म्हणाली. "तू ओढत इतकी होतीस, की मी सगळा वेळ तोल सांभाळत होते."

पहारेकऱ्याने कुठूनशी दोन स्टुलं आणून दिली. दिवसभराचं तिकीट होतं. आम्ही दिवसभर त्या माळासमोर बसलो. ढगांची सावली गवतावरून सरकते आहे असं दुपारी मला पहिल्यांदा वाटलं. कोपऱ्यातलं कुत्रं तर ताईने दाखवलं तेव्हा दिसलं, आणि दिसल्यावर ते इतकं स्पष्ट होतं की सकाळी मी आंधळीच होते म्हणायचं. आम्ही त्या कुत्र्यावरून भांडलो. ते घरी निघालंय, असं माझं म्हणणं. ते घर सोडून निघालंय, असं तिचं. शेवटपर्यंत दोघींनी माघार घेतली नाही.

दादाला मी स्टेशनवरून फोन केला. ताई पाण्याची बाटली भरायला गेली होती, आणि गाडी लागलेली होती.

"आणतेस ना तिला?" दादाने विचारलं.

"नाही."

"नाही? अगं, तू गेलीस कशाला मग? काय म्हणते ती?"

"ती काही म्हणत नाही. मी म्हणते. तिचं शहर अजून बघून झालेलं नाही."

दादा म्हणाला, "इतकी वर्षं राहिली की तिथे. अजून किती बाकी आहे?"

"पुष्कळ, दादा," मी म्हटलं. "पुष्कळ बाकी आहे." आणि मला त्याचा इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की फलाटावरच्या सगळ्या लोकांदेखत मी फोन कानाला धरून मोठ्याने रडले.